भिडूच्या पानांचा हिशेब: ब्रिजच्या डिफेन्सवर वाचकांचे प्रश्न

ब्रिजवर वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून जास्त डिफेन्सचे, म्हणजे बोली जिंकलेल्या जोडीला अडवण्याचे होते. त्यातले निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. वेगळे सांगितले नसेल तिथे डिक्लेअरर (बोली जिंकून डाव खेळणारा) दक्षिणेला, डमी (त्याचा भिडू, ज्याची पाने टेबलावर उघडी असतात) उत्तरेला, पहिली उतारी (डावातले पहिले पान) पश्चिमेची आणि तुम्ही पूर्वेला, असे धरून वाचावे. पत्ते जवळ घेऊन डाव मांडलात तर उत्तरे लवकर उलगडतील.

प्रश्न : आम्ही चौघे तीन वर्षे नियमित खेळतो. बोली बरी जमते, डिक्लेअरर म्हणूनही फारसे अडत नाही. डिफेन्सला बसलो की मात्र पाडता येण्यासारखे कॉन्ट्रॅक्ट (बोलीत कबूल केलेले हात) सुटते, आणि ते डाव संपल्यावर कळते. सुधारणा नेमकी कुठून सुरू करावी?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पहिल्या हातापासून. डमीची पाने टेबलावर आली की तिसऱ्या जागेवरच्या खेळाडूने, म्हणजे पूर्वेने, आपले पान लगेच टाकू नये. डमीतून अमुकच पान येणार हे उघड असले, तुमच्याकडे त्या रंगाचे एकच पान असले, तरी थांबावे. ही वेळ त्या एका पानासाठी नाही, पूर्ण डावाच्या विचारासाठी आहे. चौघांपैकी प्रत्येकजण सरासरीने चारातला एक डाव डिक्लेअरर असतो, एक डाव डमी आणि दोन डाव डिफेन्सला. म्हणजे सुधारायला सगळ्यात जास्त जागा इथेच आहे.

थांबून करायचे ते पहिले काम म्हणजे पॉइंटांची वजाबाकी. एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १, असे एकूण पॉइंट ४०. त्यातून डमीचे, तुमचे आणि बोलीतून कळलेले डिक्लेअररचे वजा केले की उरतात ते भिडूचे. एक डाव मांडून पाहा.

दक्षिणेने १ नो ट्रंप म्हटले, म्हणजे १५ ते १७ पॉइंट. उत्तरेने सरळ ३ नो ट्रंप, म्हणजे हुकमाशिवाय नऊ हात, दिले. पश्चिमेने बदामची चव्वी उतरली. डमीत आहे :
इस्पिक : अठ्ठी, पंजी, चव्वी
बदाम : गुलाम, छक्की
चौकट : राजा, राणी, गुलाम, दश्शी, चव्वी
किलवर : राजा, दश्शी, तिर्री

तुमच्याकडे पूर्वेला :
इस्पिक : राजा, राणी, गुलाम, दुर्री
बदाम : एक्का, सत्ती
चौकट : एक्का, अठ्ठी, तिर्री
किलवर : नव्वी, छक्की, पंजी, चव्वी

डमीतून बदामची छक्की आली, तुम्ही एक्का घातलात आणि हात तुमचा झाला. आता काय खेळाल? बहुतेक जण भिडूचा रंग परत करायचा म्हणून बदामची सत्ती खेळतात, आणि डाव तिथेच संपतो.

वजाबाकी करा. डमीत १०, तुमच्याकडे १४, डिक्लेअररकडे किमान १५. झाले ३९. भिडूकडे फार तर एक पॉइंट, म्हणजे एखादा गुलाम, आणि बदामचा गुलाम तर डमीतच पडला आहे. बदामचे राजा-राणी दोन्ही डिक्लेअररकडे आहेत, याबद्दल शंका घ्यायला जागाच नाही. भिडूचे बदाम पाच असोत की सहा, ते कधी उभे राहिले, म्हणजे हात घेणारे झाले, तरी खेळायला तो हातात येणार कशाने? त्याच्याकडे दुसरे काही नाहीच. या डावात हात मिळवायचे तर ते तुमच्याच पानांनी मिळवायचे आहेत.

म्हणून दुसऱ्याच हाताला इस्पिकचा राजा. डिक्लेअररकडे एक्का, नव्वी, तिर्री आहेत. त्याने पहिले दोन हात सोडले तरी तुम्ही राणी आणि मग गुलाम खेळत राहा. चौथ्या फेरीला तुमची दुर्री उभी राहते, कारण इस्पिक बाकी तिघांकडे तीन-तीन आहेत. डिक्लेअररकडे किलवरचे चार हात, बदामचे तीन आणि इस्पिकचा एक असे आठच तयार आहेत. नववा हवा तर चौकट खेळावीच लागते. तिथे तुमचा एक्का बसला आहे. बदामचा एक्का, इस्पिकचे दोन, चौकटीचा एक्का आणि शेवटी इस्पिकची दुर्री असे पाच हात होतात आणि कॉन्ट्रॅक्ट एकाने पडते. बदाम परत केलेत तर डिक्लेअरर तो हात घेऊन तुमचा चौकटीचा एक्का बाहेर काढतो. मग तुम्ही इस्पिककडे वळेपर्यंत त्याच्याकडे नवापेक्षा जास्त हात तयार असतात.

या डावात अवघड खेळी एकही नाही. अवघड आहे ते पान टाकण्याआधी ४० मधून वजा करणे. पुढचा महिनाभर दुसरे काहीही सुधारू नका. प्रत्येक डावाला डमी आली की ‘भिडूकडे इतके’ हा आकडा मनात म्हणायचा, एवढेच करा. आकडा चुकला तर डाव संपल्यावर का चुकला ते पाहा. बहुतेक वेळा बोली नीट ऐकलेली नसते.

प्रश्न : तिसऱ्याने नेहमी मोठे पान घालावे असे शिकलो. पण अनुभवी खेळाडू राजा हातात ठेवून दश्शी घालताना दिसतात. हे कधी करायचे?
— एक वाचक, मिरज

उत्तर : त्या रंगाचे मोठे पान डमीत दिसत असेल आणि ते पकडण्याइतके मोठे पान तुमच्याकडे असेल तेव्हा.

नो ट्रंपमध्ये भिडूने इस्पिकची सत्ती उतरली. डमीत राणी, पंजी, दुर्री. तुमच्याकडे राजा, दश्शी, चव्वी. डमीतून दुर्री आली. आता अकराचा नियम वापरा : उतारी वरून चौथ्या पानाची असेल, तर अकरातून त्या पानाचा आकडा वजा करा. उरेल तितकी त्याहून मोठी पाने बाकीच्या तिघांकडे मिळून असतात. अकरातून सात गेले, चार उरली. डमीत एक, राणी. तुमच्याकडे दोन, राजा आणि दश्शी. म्हणजे डिक्लेअररकडे सत्तीच्या वरचे एकच पान आहे.

ते पान एक्का असेल तर दश्शी घातल्याने तो निघतो, आणि तुमचा राजा डमीच्या राणीवर टपून राहतो. भिडू हातात आला की गुलाम खेळून राणी पकडू शकतो. तुम्ही राजा घातला असता तर तो एक्क्याखाली गेला असता आणि राणीचा हात डिक्लेअररला आयता मिळाला असता. ते पान नव्वी किंवा अठ्ठी असेल तर तुमची दश्शीच हात घेते. ते गुलाम असेल तर दश्शी गुलामाला पडते खरी, पण मग एक्का भिडूकडे आहे आणि डमीची राणी तुमच्या राजा-एक्क्यांत सापडते, म्हणून त्यात तोटा होत नाही.

डमीत नुसती लहान पाने असतील तर हा विचार करायचा नाही. तिथे मोठेच पान घालायचे. राणी वाचवायला म्हणून नव्वी घातली की डिक्लेअरर दश्शीने हात घेतो, आणि तो हात परत मिळत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट इथे पक्की करून टाका. उतारी करताना सलग मोठ्या पानांतले सगळ्यात वरचे पान खेळतात, पण तिसऱ्या जागी सलग पानांतले सगळ्यात खालचे घालतात. राजा-राणी दोन्ही असतील तर राणी. यामुळे भिडूला नेमकी माहिती मिळते : तुम्ही राणी घातलीत म्हणजे गुलाम तुमच्याकडे नाही, पण राजा असू शकतो. याउलट तुमचा राजा एक्क्याला पडला तर राणी तुमच्याकडे नाही हे त्याला पक्के कळते. आज राणी, उद्या राजा असे लहरीवर खेळलात तर भिडूला तुमच्या पानांचा अंदाज कधीच येणार नाही.

प्रश्न : सिग्नल, म्हणजे टाकलेल्या पानातून भिडूला दिलेली खूण, कधी आवडीचा, कधी मोजणीचा आणि कधी रंग सुचवणारा, हे ओळखता येत नाही. भिडूने छक्की टाकली की आम्ही एकमेकांकडे बघत बसतो.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : छक्की मोठी की लहान, हे छक्कीवरून ठरत नाही. न दिसलेली पाने कोणती यावरून ठरते. दुर्री, तिर्री, चव्वी, पंजी तुम्हाला डमीत, तुमच्या हातात किंवा डिक्लेअररने टाकलेली दिसत असतील, तर छक्की हे भिडूचे सगळ्यात लहान पान आहे. ही मोजणी प्रत्येक सिग्नलला करा.

कुठला सिग्नल केव्हा, यासाठी एक साधी वाटणी पुरते. भिडूने रंग सुरू केला तर आवडीचा सिग्नल : मोठे पान म्हणजे हाच रंग पुढे चालू दे, लहान म्हणजे बदल. डिक्लेअररने रंग सुरू केला तर मोजणीचा : आधी मोठे मग लहान म्हणजे सम पाने, आधी लहान मग मोठे म्हणजे विषम. रंग सुचवणारा सिग्नल फक्त तिथे, जिथे या दोन्हींचा अर्थच उरत नाही. मुख्यतः भिडूला कापायला पान देताना. काही जोड्या हे सगळे उलट्या क्रमाने खेळतात, लहान म्हणजे पसंती. तेही चांगले आहे, फक्त दोघांनी एकच ठरवावे.

मोजणीचा सिग्नल सगळ्यात जास्त उपयोगी कुठे पडतो ते पाहा. नो ट्रंपमध्ये डमीत चौकटीचे राजा, राणी, गुलाम, दश्शी, पंजी आहेत, आणि बाकी रंगांत डमीला हातात यायला एकही पान नाही. तुमच्याकडे चौकटीचा एक्का, अठ्ठी, चव्वी. डिक्लेअरर चौकट खेळतो. एक्का केव्हा घ्यायचा? डमीत पाच, तुमच्याकडे तीन, म्हणजे पाच पाने भिडू आणि डिक्लेअरर यांच्यात वाटली आहेत. भिडूने आधी सत्ती आणि मग दुर्री टाकली तर त्याच्याकडे दोन, डिक्लेअररकडे तीन. एक्का तिसऱ्या फेरीला घ्या. भिडूने आधी दुर्री, मग छक्की टाकली तर त्याच्याकडे तीन, डिक्लेअररकडे दोन. एक्का दुसऱ्याच फेरीला घ्या. डिक्लेअररचे चौकटीचे शेवटचे पान ज्या फेरीला संपते, त्याच फेरीला एक्का घ्यायचा असतो. आधी घेतलात तर त्याच्याकडे डमीत जायला एक पान उरते आणि सगळी चौकट चालते. उशिरा घेतलात तर त्याला एक हात फुकट मिळतो, आणि ३ नो ट्रंपमध्ये तो एकच हात पुष्कळदा नववा असतो. भिडूने पहिल्या फेरीला पान नीट निवडले नाही तर तुम्ही कितीही हुशार असलात तरी हा निर्णय अंदाजाने घ्यावा लागतो.

रंग सुचवणारा सिग्नल १९३४ साली अमेरिकेतल्या हाय लॅविन्थल यांनी मांडला. आपल्याकडचे जुने खेळाडू त्याला मॅकेनी म्हणतात. हुकूम बदाम आहे आणि तुम्ही भिडूला कापायला किलवर देत आहात. हुकूम आणि किलवर सोडून उरले इस्पिक आणि चौकट. किलवरची नव्वी दिलीत तर कापून झाल्यावर इस्पिक परत ये, दुर्री दिलीत तर चौकट. दुसऱ्यांदा कापायला मिळणे याच एका पानावर अवलंबून असते.

एक धोका लक्षात असू द्या. डिक्लेअरर तुमचे सिग्नल पाहतच असतो. मोजणी भिडूला उपयोगाची नसेल आणि राणी कोणाकडे हे शोधणाऱ्या डिक्लेअररलाच तिची मदत होणार असेल, तर देऊ नका.

प्रश्न : लहानपणापासून मेंढीकोट खेळत आलो, ब्रिज नंतर शिकलो. एक्के-राजे दिसले की आधी ते वाजवून घ्यावे असे वाटते. भिडू रागावतो. त्याचे खरे आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : भिडूचे खरे आहे. मेंढीकोटमध्ये दश्शी धरायची असते. ब्रिजमध्ये दश्शीला वेगळे मोल नाही, प्रत्येक हात सारखाच. त्यामुळे एक्क्याचे काम समोरचे राजा-राणी धरणे. एक्क्यावर दुर्री-तिर्री गोळा केलीत की डिक्लेअररचे राजा-राणी दोन्ही उभे राहतात.

दुसऱ्या जागी बसलेले असताना हे सगळ्यात जास्त नडते. तुम्ही पश्चिमेला, तुमच्याकडे इस्पिकचा एक्का, अठ्ठी, तिर्री. डमीत राजा, गुलाम, पंजी. डिक्लेअरर हातातून लहान इस्पिक खेळतो. तुम्ही एक्का घातलात तर त्याचा प्रश्नच मिटला : राणी तुमच्या भिडूकडे असली तरी आता राजा हमखास उभा आहे. शांतपणे तिर्री घातलीत तर त्याला राजा घालू की गुलाम हे ठरवावे लागते, आणि एक्का कुठे, राणी कुठे हे त्याला माहीत नसते. तो निम्म्या वेळा चुकतो. हे हात तुमच्या गप्प बसण्यामुळे मिळतात.

अपवाद आहे. त्या एक्क्याने कॉन्ट्रॅक्ट तिथेच पडत असेल, किंवा डिक्लेअररकडे ते एकच पान आहे आणि राजावर हात झाला की एक्का कधीच मिळणार नाही हे बोलीवरून दिसत असेल, तर घ्या. मेंढीकोटच्या सवयीतले एक मात्र ब्रिजला फार उपयोगी आहे. कुठली पाने पडली हे तुम्ही लक्षात ठेवता. ते सोडू नका.

हुकमाच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये एक्क्याखालून लहान पान उतरणेही टाळा. डिक्लेअररकडे किंवा डमीत एकटा राजा निघाला की तो हात घेतो आणि पुढच्या फेरीला तुमचा एक्का हुकमाखाली कापला जातो. नो ट्रंपमध्ये कापणे नसल्यामुळे लांब रंगातून तेच करणे योग्य ठरते.

प्रश्न : समोरून ऑनर (दश्शी ते एक्का यांपैकी पान) आला की त्यावर आपला मोठा ऑनर घालून तो झाकावा की नाही?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : झाकल्याने तुमचे किंवा भिडूचे खालचे एखादे पान उभे राहणार असेल तर झाकावा, नाहीतर नाही.

डमीत राणी, गुलाम, नव्वी. तुमच्याकडे राजा, अठ्ठी, तिर्री. डिक्लेअररकडे एक्का, पंजी, दुर्री, आणि भिडूकडे दश्शीसकट चार. डमीतून राणी आली. झाकलीत, तर एक्का पडतो आणि पुढच्या फेरीला डिक्लेअरर हातातून लहान खेळून डमीतून नव्वी घालतो. भिडूची दश्शी मधेच सापडते आणि तीनही हात डिक्लेअररचे. राणी सोडून दिलीत आणि पुढच्या फेरीला आलेला गुलाम राजाने झाकलात, तर एक्का पडला तरी तिसऱ्या फेरीला भिडूची दश्शी उभी राहते. डमीत लागून दोन मोठी पाने असतील तर शेवटचे झाकायचे, ते यासाठी.

तुमचा राजा दोनच पानांत असेल तर मात्र पहिल्यालाच झाकलेले बरे. नाहीतर राणीचा हात झाल्यावर डमीतून लहान पान येते, तुमचा उघडा पडलेला राजा एक्क्याखाली जातो, आणि गुलाम डमीत शाबूत राहतो. आणि डिक्लेअररने जो रंग सहा पानांचा म्हणून बोलला आहे, त्यात भिडूकडे उभे राहण्याजोगे काही उरलेलेच नसते. तिथे झाकायला धावू नका.

प्रश्न : क्लबच्या स्पर्धेत मी एका हाताला बराच विचार केला आणि समोरच्यांनी डायरेक्टरला (स्पर्धेच्या पंचाला) बोलावले. विचार करणे गुन्हा आहे का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : विचार करणे गुन्हा नाही. पण तुमच्या थांबण्यावरून भिडूने काही ओळखून त्याप्रमाणे खेळणे नियमाविरुद्ध आहे, आणि हातात विचार करण्यासारखे काहीच नसताना डिक्लेअररला फसवायला थांबणेही नियमाविरुद्ध आहे. एकच पान उरले असताना ‘हूं’ करून थांबलात तर डायरेक्टर येणारच.

उपाय पहिल्या उत्तरातच आहे. विचार पहिल्या हातालाच करा. त्या वेळी सगळेच थांबतात, त्यामुळे तुमच्या थांबण्यातून कोणाला काही कळत नाही. डमीत राजा-गुलाम दिसले आणि एक्का तुमच्याकडे असला, तर डिक्लेअरर तो रंग केव्हातरी खेळणार हे तेव्हाच दिसते. तेव्हाच ठरवून ठेवा.

दोन सवयी याच्याबरोबर लावून घ्या. पहिली उतारी पान उपडे ठेवून करा, म्हणजे चुकीच्या बाजूने उतारी होत असेल तर पान उघडण्याआधी कळते आणि दंड टळतो. आणि मागचा हात पुन्हा पाहायचा असेल तर आपले पान उपडे करण्याआधीच सांगा. एकदा उपडे केले की तो हक्क गेला.

प्रश्न : डिक्लेअरर लांब रंग वाजवत सुटतो तेव्हा काय टाकावे आणि काय राखावे, कळत नाही. शेवटच्या तीन पानांत हमखास चूक होते.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : डमीत दिसणाऱ्या लांबीइतकी लांबी राखा. डमीत बदामचे एक्का, राजा, राणी, पंजी आहेत आणि तुमच्याकडे गुलाम, नव्वी, सत्ती, तिर्री, तर चारही धरून ठेवा. तिर्री फालतू वाटते, पण ती टाकली की चौथ्या फेरीला डमीची पंजी हात घेते. तसेच डिक्लेअररने बोललेला रंग तुमच्यापैकी ज्याच्याकडे लांब आहे त्याने सांभाळायचा. तोच रंग दोघांनी सांभाळायला घेतला की तिसरा रंग उघडा पडतो. शेवटच्या तीन पानांत जी चूक होते ती बहुतेक वेळा तीच.

काय सोडता येईल हे मात्र मोजणीनेच कळते. डिक्लेअररने १ इस्पिक म्हणून पुढे २ बदाम म्हटले, म्हणजे इस्पिक किमान पाच, बदाम किमान चार. किलवरच्या तीन फेऱ्यांना त्याने पान दिले. झाली बारा. चौकटीचे त्याच्याकडे फार तर एकच पान. डमीची चौकट लहान-लहान असेल, तर तुम्ही चौकटीचा राजा सांभाळण्यासाठी बदाम टाकत बसलात ते उलटे झाले.

चारही रंग एकदम मोजायला जाऊ नका, दमछाक होते. तेरा पानांची वाटणी कशी पडते ते आधी पाठ करा. ४-४-३-२ सर्वांत जास्त, सुमारे २१.५ टक्के. मग ५-३-३-२ सुमारे १५.५, ५-४-३-१ जवळजवळ १३, ५-४-२-२ आणि ४-३-३-३ प्रत्येकी साडेदहाच्या आसपास. हे आकडे जिभेवर आले की डिक्लेअररचे पाच आणि चार कळताच उरलेली चार पाने ३-१ किंवा २-२ असणार, हे न मोजता सुचते.

प्रश्न : माझ्या हातात चार हुकूम असताना एकुलते पान उतरून कापायला मागावे का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : नाही. चार हुकूम असतील तर लांब, भक्कम रंग उतरा आणि डिक्लेअररला कापायला लावा. १ इस्पिक – २ इस्पिक – ४ इस्पिक अशी बोली असेल तर बहुधा त्याच्याकडे पाच हुकूम, डमीत तीन, तुमच्याकडे चार, भिडूकडे एक. त्याने तुमचा बदाम एकदा कापला की त्याचेही चारच उरतात, दुसऱ्यांदा कापला की तीन. आता तुमचे हुकूम त्याच्यापेक्षा जास्त आहेत. एक्का तुमच्याकडे असेल तर तो लगेच घेऊ नका. डमीतले हुकूम संपेपर्यंत थांबा, म्हणजे तुम्ही पुढचा बदाम खेळाल तेव्हा तो कापायचे काम डिक्लेअररच्याच लांब हातावर येईल. एकुलते पान उतरायचे ते दोन-तीन लहान हुकूम असताना, आणि वजाबाकीत भिडूकडे हातात येण्याइतके पॉइंट दिसत असतील तरच.

प्रश्न : जोड्यांच्या स्पर्धेत आणि टीम मॅचमध्ये डिफेन्स वेगळा खेळावा का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : हो, बराच. टीम मॅचमध्ये जादाचा एक हात म्हणजे ३० पॉइंट, एक इम्प (टीम मॅचमधला गुण). व्हल्नरेबल (बक्षीस आणि दंड वाढलेले) ३ नो ट्रंप पाडले तर ६०० आणि १०० मिळून ७०० चा फरक, १२ इम्प. तेव्हा पाडण्याची एक अंधुक वाट असली तरी जादाचा हात गेला तर जाऊ द्यावा आणि ती वाट धरावी. ती वाट चालण्यासाठी भिडूकडे जे पान असावे लागते, ते त्याच्याकडे आहेच असे धरून खेळा, फक्त वजाबाकीत ते बसते का तेवढे पाहा.

जोड्यांच्या स्पर्धेत तुमच्या निकालाची तुलना तोच डाव खेळलेल्या बाकीच्या टेबलांशी होते, म्हणून तोच जादाचा हात तुम्हाला वरून तळाला नेऊ शकतो. सगळ्या टेबलांवर तेच कॉन्ट्रॅक्ट होत असेल आणि पडण्याची शक्यता फार कमी असेल, तर आपले हक्काचे हात वेळेवर घेऊन मोकळे व्हावे.

प्रश्न : सरावाची पद्धत सांगा. पुस्तके वाचून झाली.
— एक वाचिका, सातारा

उत्तर : एका डावानंतर एकच प्रश्न विचारायचा : डिक्लेअररची तेरा पाने कशी वाटली होती? ५-४-३-१ की ५-३-३-२? पाने गोळा होण्याआधी चौघांनी आपापला आकडा सांगायचा आणि मग उघडून पाहायचे. पहिल्या आठवड्यात फक्त हुकूम मोजा. दुसऱ्या आठवड्यात हुकूम आणि उतारीचा रंग. तिसऱ्यापासून पॉइंट धरा.

ब्रिज बेस ऑनलाइन या संकेतस्थळावर खेळलेले डाव चौघांचीही पाने उघडी करून पुन्हा पाहता येतात. तिथे दिसणारा कमाल हातांचा आकडा संगणक सगळी पाने पाहून काढतो, म्हणून ‘हे पाडता येत होते’ असे दिसले की स्वतःला दोष देण्याआधी, ते तुम्हाला दिसणाऱ्या २६ पानांवरून आणि बोलीवरून कळण्यासारखे होते का ते तपासा. कळण्यासारखे असेल तरच तो डाव वहीत उतरवा. वहीत बोली, उतारी, डमी, तुमची पाने आणि जिथे चुकलात तो हात लिहा. भिडूबरोबर महिन्यातून एकदा ती वही उघडून बसा. दोघांच्या वहीत एकच डाव वेगवेगळ्या कारणाने चूक म्हणून लिहिलेला आढळला, तर बहुतेक वेळा एखादा सिग्नल दोघांनी वेगळा धरलेला असतो. तो तिथेच ठरवून टाका.